सुझोऊची ऑफर आलीये, जाऊ का? माझं लांबलचक उत्तर

तुम्ही विचारलंय की पुण्याहून दोन वर्षांसाठी चीनमधल्या सुझोऊला जायचंय, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी, घरात कुणी मांसमच्छी खात नाही, चायनीजचा एक शब्द येत नाही, तर जमेल का आणि माणसं कशी आहेत. मी मूळची इचलकरंजीची, 2014 पासून इथे आहे, एका कारखान्यात क्वालिटीला. जमेल की, न जमायला काय झालं. पण थोडं सविस्तर सांगते.

सुझोऊ म्हणजे शांघायला चिकटलेली एमआयडीसी असं डोक्यात असेल तर ते काढा. ट्रेनने शांघाय साधारण अर्धा तास हे खरं, आणि सिंगापूरच्या मदतीने 1994 ला सुरू झालेल्या इंडस्ट्रियल पार्कातच तुमचं ऑफिस असेल बहुतेक. पण गाव इसवीसनपूर्व 514 मध्ये वू राज्याची राजधानी म्हणून वसवलेलं, जुन्या भागात अजून कालवे आहेत, घराच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आणि गाव रेशमाचं! मागांच्या खडखडाटात वाढलेली मी, पहिल्याच महिन्यात इथलं सिल्क म्युझियम बघून आले आणि घरी फोन करून बाबांना तासभर इथल्या मागांबद्दलच सांगत बसले होते.

इथल्या जुन्या बागा बघायला सगळेच जातात, युनेस्कोच्या यादीत आहेत. सगळ्यात मोठी बाग सोळाव्या शतकात नोकरी सोडून घरी परतलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने बांधली. हे सांगायचं कारण, असे अधिकारी परीक्षेतून निवडले जायचे, आणि हा देश समजून घ्यायचा तर परीक्षेपासून सुरुवात करा. परीक्षा पास हो, साहेब हो, घराण्याचं नाव काढ, हे इथे सुई राजवटीपासून म्हणजे तेराशे वर्षं चाललं, 1905 ला ती पद्धत बंद झाली पण मनातून गेली नाही. आता तिच्या जागी गाओकाओ, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, दरवर्षी 7 जूनला सुरू होते. त्या दिवसांत सेंटरजवळ हॉर्न बंद, बांधकामं बंद, आया शुभशकुन म्हणून ठेवणीतला छिपाव (चिनी पारंपरिक झगा) घालून गेटवर उभ्या. आपली बारावी तिच्यापुढे सहल वाटते. आमच्या मजल्यावरच्या मुलीचं ते वर्ष होतं तेव्हा तिच्या आजीने येऊन हळूच विचारलं की कुकरच्या शिट्ट्या थोडे दिवस कमी करता येतील का. केल्या, डाळ पातेल्यात शिजवली महिनाभर.

आणि हुकौ. तुम्हाला त्याची झळ लागणार नाही पण तुमच्या लाइनवरच्या ऑपरेटरला लागते. 1958 पासूनची नोंदणी आहे, माणूस कुठला ते त्यावर लिहिलेलं, आणि मुलांची सरकारी शाळा, गाओकाओ बरंचसं त्यालाच बांधलेलं. आता पुष्कळ शहरांनी नियम सैल केलेत, तरी आन्हुई किंवा हनान प्रांतातून आलेली बाई इथे मशिनवर आणि तिचा मुलगा गावी आजीपाशी, असं आजही दिसतं. म्हणून स्प्रिंग फेस्टिव्हलच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आधी कोणी रजा मागितली तर प्रॉडक्शनचं गणित सांगत बसू नका. ती वर्षातून एकदा पोराला भेटणार असते.

माणसं कशी? शेजारधर्म पाळणारी, चौकस, आणि पगार किती हे पहिल्या भेटीत विचारणारी. वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेले काकासुद्धा विचारतातच. नात्याने हाक मारायची पद्धत तर डिट्टो आपल्यासारखी, कामाच्या मावशींना 'आयी' म्हणतात (हो, आयी! माझी आई इथे आली तेव्हा पहिला आठवडा प्रत्येक हाकेला मागे वळून बघायची), टॅक्सीवाल्याला 'शिफू', साहेबाला आडनावापुढे 'झोंग' लावून. नुसतं नाव घेऊन हाक मारू नका. जेवणात ग्लास भिडवताना मोठ्यांच्या ग्लासापेक्षा आपला थोडा खाली धरायचा. तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नाही, 'त्साय श्वो' म्हणजे 'पुन्हा बोलू' असं म्हणाले की समजा नकार, आपलं 'बघू' असतं ना तेच. खालच्या बागेत बसणाऱ्या एका आजोबांना मी इंडियाची कळल्यावर ते एकदम 'क दीहुआ!' म्हणाले. मला काहीच कळेना, मग घरी शोधलं तर आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. 1938 ला इकडे आले आणि 1942 ला इथेच गेले.

भाषा मात्र येण्याआधी तीन महिने शिकाच, दोघांनीही. फोनवर ट्रान्सलेटर आहे, भाजीचे पैसे फोनवरच्या अलीपेने देता येतात, सगळं खरं, पण मग दोन वर्षं तुम्ही फोनशीच बोलाल. रोमन लिपीतलं पिनयिन आधी पक्कं करा आणि सुरांवर मेहनत घ्या, विकत घेणं आणि विकणं दोन्ही 'माय'च, फरक फक्त सुराचा, मी कितीतरी दिवस भाजीवालीला भाजी विकत होते. मुलीची काळजी करू नका, ती तुमच्या आधी बोलायला लागेल. इंटरनॅशनल शाळेची फी मात्र डोळे पांढरे करणारी असते, ती ऑफरमध्येच लिहून घ्या, नंतर कोणी विचारत नाही.

जेवण: 'वो छ सू', मी शाकाहारी, हे पाठ करा, पण त्यावर विसंबू नका, भाजीत वरून खिमा भुरभुरवला तर बऱ्याच जणांच्या लेखी ती भाजीच. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी हॉटेलं बिनधास्त. तूरडाळ ताओबाओ या ऑनलाइन दुकानावर मिळते. कुकर तिकडून आणा.

कागदपत्रं: डिग्रीचं अटेस्टेशन आणि पोलीस क्लिअरन्स आत्ताच सुरू करा, वेळ खातं. घरात राहायला गेलात की 24 तासांत पोलीस नोंदणी. एजंट म्हणाला मी करतो, त्याने केली नाही, समज मला मिळाली, तेव्हा स्वतः जा. व्हॉट्सॅप, गूगल, यूट्यूब चालत नाही, घरच्यांच्या फोनवर वीचॅट (इथलं व्हॉट्सॅपच समजा) आधीच घालून द्या. सुट्ट्यांचंही बघून ठेवा, ऑक्टोबरची आठवडाभर सुट्टी मिळते पण तिच्या बदल्यात एखादा रविवार भरावा लागतो.

शेवटचं, घर. सेंट्रल हीटिंग उत्तरेत, छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या वर. सुझोऊ खाली. जानेवारीत घरात स्वेटर घालून बसावं लागतं, आणि जूनच्या पावसात कोकणासारखी चपलांना बुरशी. म्हणून घरात ऊन येईल असा, दक्षिणेला तोंड असलेलाच फ्लॅट बघा. आपल्याकडे दक्षिणमुखी म्हटलं की नाक मुरडतात, इथे त्याचंच भाडं जास्त. सासूबाईंना वास्तूचं काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.