सिलिॲक आणि आपलं स्वयंपाकघर: गिरणी, भाजणी, हिंग

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या लेकीला सिलिॲकचं निदान झालंय, डॉक्टरांनी 'गहू पूर्ण बंद' एवढंच सांगितलं, हातात मिळालेल्या यादीत क्विनोआ, बदामाचं पीठ आणि कुठले कुठले ब्रेड आहेत, आणि सासूबाई म्हणतायत की पोळीचा एखादा घास खाल्ला तर काय बिघडतंय. माझ्या नवऱ्याला हा आजार बरीच वर्षं आहे, तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूने सांगते. औषधं, गोळ्या, तपासण्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी सासूबाईंचा मुद्दा, कारण घरात तोच रोज निघणार. या आजारात बाधतं ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं आणि जवातलं चिकट प्रथिन. मध्यम आकाराच्या एका पोळीत ते साधारण दोन ते तीन ग्रॅम असतं. सिलिॲक असलेल्या माणसांनी रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने घेतलं तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे अभ्यासांत दिसलंय. म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा. घास तर त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्यातून खाल्ल्याबरोबर पोट दुखेलच असं नाही. मुलगी हसतखेळत असते आणि आत नुकसान चालू असतं, म्हणून 'बघ, काही झालं नाही' याला काही अर्थ नाही. ही ॲलर्जी नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्लुटेनमुळे आतड्यावर उलटते, त्यामुळे 'हळूहळू सवय होईल' हेही सोडून द्या. सासूबाईंना हा पन्नासाव्या हिश्शाचा हिशेब सांगा. आमच्याकडे मोठ्यांना आजाराचं नाव कळलं नाही, हिशेब लगेच कळला.

आता ती यादी. बाजूला ठेवा. क्विनोआ वाईट नाही, पण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राळा, मका, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा हे सगळं ज्या घरात आधीच येतं तिथे त्याची गरज काय? सगळ्या डाळी, कडधान्यं, दूध, दही, भाज्या, फळं, शेंगदाणे, खोबरं, अंडी, मासे, मटण यांत मुळात ग्लुटेन नाहीच. पोहे, चुरमुरे, इडली, घावन, आंबोळी, मुगाचं धिरडं, उकडीचे मोदक चालतात. ग्लुटेन-फ्री म्हणून विकतात ती पाकिटं बहुतेक महाग, साखरेची आणि नुसत्या स्टार्चची असतात. प्रवासासाठी एखादं ठेवावं, रोज नको.

बंद काय, तर गहू त्याच्या सगळ्या अवतारांत: कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, गव्हाच्या कुरडया, पाव, बिस्किटं, नूडल्स. खपली गहूसुद्धा. हे मुद्दाम सांगते, कारण खपली 'पचायला हलका' म्हणून विकतात आणि कुणीतरी नातेवाईक प्रेमाने दहा किलो आणून देणारच. तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. दुसरं म्हणजे जव आणि त्यापासून काढलेलं माल्ट. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी आणि बरीचशी सिरियल्स इथे बाद होतात. सोया सॉस नेहमीच्या पद्धतीने केलेला असेल तर त्यात गहू असतो, म्हणून चायनीजच्या गाडीवर 'नुसता राइस' मागून सुटका होत नाही.

पोळी आणि पाव तर तुम्ही पहिल्या दिवशीच बंद केले असतील. त्रास होतो तो जिथे गहू आहे हे लक्षातच येत नाही तिथे, आणि त्या जागा सगळ्या आपल्या फडताळातच आहेत.

हिंग. डबीतली हिंगपूड म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. हिंगाच्या चिकात डिंक आणि पीठ मिसळून ती करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे वरणभात, इडली-सांबार, चिवडा, लोणचं, सगळीकडे चिमूटचिमूट गहू. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो. डबीमागचे घटक वाचून तोच आणा, आणि जुनी डबी फोडणीच्या डब्यातून बाहेर काढा. खडा हिंग आणलात म्हणून निर्धास्त होऊ नका, तोही मिश्रणाचा असू शकतो.

थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतोच, विकतच्या भाजणीत हमखास. मेतकुटातही पारंपरिक प्रमाणात मूठभर गहू असतो. मऊ भात-मेतकूट म्हणजे आजारी माणसाचं जेवण, म्हणून त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सातूचं पीठ आपल्याकडे गहू आणि डाळं भाजून करतात, बिहारी सत्तू हरभऱ्याचं असतं. दुकानदार दोन्हींना एकच नाव सांगतो, तेव्हा घेऊच नका. भाजणी घरी करा: ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ अर्धी, धणे अर्धी वाटी, थोडे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. गव्हावाचून चवीत काही अडत नाही. चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींची असते, ती मुळात चालते.

पण भाजणी दळणार कुठे? सगळ्यात जास्त डोकं इथे खर्च करा. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. तुमची ज्वारी टाकली की आधी जात्यात, पन्हाळीत आणि पिठाच्या पिशवीत अडकलेली कणीक बाहेर येते, मग ज्वारी. उपासाचं दळण वेगळं काढतात त्यावर जाऊ नका, तिथे चार मुठी वरी फिरवून जातं साफ केलं की झालं असं धरतात आणि हवेत कणीक उडतच असते. परवडत असेल तर घरघंटी घ्या. या आजारात मला सर्वांत कामाची वाटलेली खरेदी तीच. आणि एकदा घेतल्यावर तिच्यात गहू कधीही दळायचा नाही, शेजारणीचासुद्धा नाही. घरघंटी जमत नसेल तर पाकिटावर स्पष्ट ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पीठ आणा. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे असं लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. २० ते १०० मिलिग्रॅमवाल्याला 'लो ग्लुटेन' म्हणतात, ते लेकीला नको. धान्यही निवडून घ्या, कारण वाण्याकडे एकच माप गव्हाच्या आणि ज्वारीच्या पोत्यात फिरतं. ताटात पसरलं की ज्वारीत गव्हाचा लांबट दाणा लगेच दिसतो.

घरात बाकीच्यांच्या पोळ्या चालू राहणार असतील तर लेकीची भाकरी आधी करून झाकून ठेवा, मग कणीक काढा. परात, पोळपाट-लाटणं, तवा आणि चाळणी तिची वेगळी. चाळणीला सूट नाही, तिच्या जाळीतलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. तळणीचं तेलही वेगळं: ज्या तेलात शंकरपाळे तळले त्यात तिची चकली नको. स्टीलची भांडी, कुकर, ताटं-वाट्या नीट घासून सगळ्यांच्यात चालतात, तिथे उगाच सोवळं पाळू नका.

भाकरी तुटते असं तुम्ही म्हणालात. पोळीला ताणून धरायचं काम ग्लुटेन करतं, ज्वारीत ते नाही, म्हणून उकळतं पाणी घालून पीठ भिजवायचं, दोन मिनिटं झाकायचं आणि मग तळहाताने चांगलं मळायचं. पीठ ताजं हवं. आठ-दहा दिवसांनी त्याची विरी जाते आणि मग सुगरणीलाही भाकरी थापता येत नाही. बाजरीचं तर कडूही होतं, तेव्हा थोडंथोडं दळा. डब्यासाठी मऊ आणि घडी पडेल अशी पोळी हवी असेल तर वाटीभर ज्वारीच्या पिठात चमचाभर इसबगोल घाला, कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवा आणि प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा. भाजी गुंडाळून रोल होतो, वर्गात वेगळा दिसत नाही. त्या वयात हे महत्त्वाचं असतं.

बाहेर खाताना विचारायला लाजू नका. हॉटेलातली ज्वारीची भाकरी तुटू नये म्हणून तीत कणीक मिसळलेली असू शकते, आणि पिठी तर हमखास गव्हाची. बटाटेवडा बेसनाचा, पण समोसे त्याच कढईत तळलेले. डोसा ठीक, रवा डोसा नाही. नाचणीची बिस्किटं घेताना घटकांत पहिलं नाव काय आहे ते वाचा, बहुधा मैदा निघतो. वाढदिवसाला तिचा केक घरून, आणि जरा जास्तच न्या, म्हणजे मैत्रिणीही तिच्यातला मागतात. सत्यनारायणाच्या प्रसादावर मात्र माझ्याकडे पुरता तोडगा नाही. घरची पूजा असेल तर तांदळाच्या रव्याचा शिरा करता येतो, दुसऱ्यांकडे गेलं की तीर्थ आणि केळं घ्यायचं, शिऱ्याला हात जोडायचे. दोन-चार बायका नाकं मुरडतात. मुरडू देत. दिवाळीचं उलट सोपं आहे: चकली, शेव, पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे. बेसनाच्या लाडवात कुणी रवा घालतं, तेवढं विचारा.

सुरुवातीचे काही आठवडे दूध बाधलं तर घाबरू नका. आतड्याचं अस्तर खराब झालेलं असताना दुधातली साखर पचत नाही, ते भरून आलं की बहुतेकांना पुन्हा चालतं. लोह, ब१२, ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना नक्की विचारा.

आणि लेकीच्या धाकट्या भावाचं. सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत हा आजार निघण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तिघांचीही रक्ततपासणी करून घ्या. पण ती होईपर्यंत तुम्हा तिघांचा गहू बंद करू नका, गहू सोडल्यावर तपासणी खोटीच नॉर्मल येऊ शकते.

ओट्सचं शेवटी विचारलं होतंत. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गहू-जवाच्या संगतीत असतात, आणि काही सिलिॲकवाल्यांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. पहिलं वर्ष देऊ नका. तिचं टीटीजी (सिलिॲकच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली आलं, वजन-उंची वाढायला लागली की डॉक्टरांना विचारून ग्लुटेन-फ्री लिहिलेले थोडे देऊन बघा. तोवर सकाळी नाचणीची आंबील किंवा नाचणीसत्त्व द्या.