वणवा विझवणाऱ्या टीमचा लीडर व्हायला काय लागतं?

तुमचा प्रश्न असा: वय 24, गाव कोकणात, यूट्यूबवर अमेरिकेतल्या हॉटशॉट टीम बघितल्या, तसं काम इथे करायचंय, वणवा विझवणाऱ्या टीमचा लीडर व्हायला फिटनेस किती, शिक्षण काय आणि पगार किती.

फिटनेसचं आधी उरकतो. आपल्याकडे वनरक्षक भरतीत पुरुषांना 5 किलोमीटर आणि बायकांना 3 किलोमीटर धावावं लागतं, वर 4 तासांची लांब चालायची चाचणी, पुरुषांना त्यात 25 किलोमीटर. तुमच्या त्या अमेरिकावाल्यांना 45 पौंड म्हणजे साधारण 20 किलो पाठीवर घेऊन 3 मैल 45 मिनिटांत चालावं लागतं. दोन्ही जमण्यासारखं आहे. मार्चच्या दुपारी कातळ तापलेला असताना 16 लिटरचा फवारणीचा पंप पाठीला लावून सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, चढणं जरा वेगळं, पण तेही सवयीने येतं. आमच्यातला सगळ्यात चिवट गडी 58 वर्षांचा आहे आणि बिडी ओढतो. (वणव्यावर नाही. वणव्यावर एकदा पेटवली तेव्हा तिथूनच घरी पाठवला होता.)

मी सिंधुदुर्गातला, 13 हंगाम झाले. वन विभागाच्या हिशोबाने हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून, पण सड्यावरचं गवत डिसेंबरातच वाळून खडखडीत होतं, ते कुठे कॅलेंडर बघतंय. रोजंदारीवर फायर वॉचर म्हणून लागलो, आता 9 जणांची टोळी आहे. लीडर कोणी म्हणत नाही, मुकादम म्हणतात.

आता तुम्ही "विझवणाऱ्या टीमचा लीडर" लिहिलंय ना, ते मला जरा टोचलं म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. विझवायला कोणीही धावतो हो. शिमग्याला आलेले चाकरमानीसुद्धा धावतात, एका हातात डहाळी आणि दुसऱ्या हातात मोबाईल. मुकादमाचं काम माणसं मोजायची आणि कधी निघायचं ते सांगायचं. हे एकदा केलं म्हणून माझे सख्खे काका 6 वर्षं माझ्याशी बोलत नाहीत.

काकांची काजूची बाग आमच्या वाडीच्या वर, उतारावर, खाली रस्ता, मध्ये बाग, वर सडा. वेंगुर्ला 4 आणि 7 या जातींची 140 कलमं, सात बाय सात मीटरवर, तेव्हा 11 वर्षांची, म्हणजे ऐन भरातली. तीन बाजूंना चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) आणि चौथ्या बाजूला, उत्तरेला, व्हाळ, म्हणजे ओढा. पावसात व्हाळाचा आवाज घरापर्यंत येतो, मार्चमध्ये मात्र ठणठणीत कोरडा, आत करवंदीच्या जाळ्या, मोडून पडलेल्या फांद्या आणि गुडघाभर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा. त्या जानेवारीत मी काकांना दोनदा सांगितलं होतं की व्हाळाच्या कडेने 10 फुटांचा पट्टा साफ करून घ्या, माझी माणसं देतो, फक्त जेवण घाला. तर म्हणाले गडगो हा ना. अहो गडगा तिन्ही बाजूंना आहे, आग काय बेडं उघडून येणार आहे का?

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी खाली रस्त्याकडेला कोणीतरी झाडून गोळा केलेला पातेरा पेटवला, तोही भर दुपारी साडेबाराला. कोणी ते मला माहितीय, इथे लिहित नाही, घरातलं घरातच बरं. अकराच्या सुमारास समुद्राकडून वारं सुटतं आणि दीड-दोनला जोरावर येतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. उतार पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे वारा आणि चढ दोन्ही आगीच्या बाजूने. ढोबळ हिशोब असा की दर 10 अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो, तो इथे नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

मी पोचलो तेव्हा टोळीतले 9 आणि वर सहा-सात चाकरमानी. ज्यांच्या अंगात नायलॉनचे टीशर्ट आणि पायात स्लिपर त्या सगळ्यांना पाणी वाहायला रस्त्यावर ठेवलं (नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, सुती जळतं तरी सुटतं), त्यावर दोघं रुसले पण. एकजण घेतला, काकांचाच मुलगा, माझा चुलतभाऊ, त्याच्या पायात बूट होते आणि अंगात जुना सुती शर्ट. झाले 10. त्यातला एक सड्याच्या टोकावर टेहळणीला, शिटी देऊन, कारण तिथे रेंज येत नाही. बाकीचे बागेच्या खालच्या अंगाला पट्टा काढायला लागलो, दाताळ्याने आणि ब्लोअरने पातेरा ओढून खालची माती उघडी करत. दोघं जांभळीच्या हिरव्या डहाळ्या घेऊन धगीच्या कडेला. डहाळी आपटायची नसते, आपटली की ठिणग्या उडून मागे पडतात, दाबून जळलेल्या बाजूला ओढायची. निघायची वाट कुठली ते काम सुरू करायच्या आधीच ओरडून सांगितलं होतं: दक्षिणेचं बेडं, कारण त्याच्यापलीकडचा गवताचा पट्टा आम्हीच जानेवारीत पहाटेच्या दवात जाळून ठेवलेला, तिथे परत जळायला काही नव्हतं.

पट्टा 15 फूट राहिला होता. खालचा धूर पांढरा आणि आमच्याकडे कललेला, तोवर ठीक होतं. मग व्हाळातून काळपट धूर उठला, तो कलला नाही, सरळ वर गेला, आणि वरून तीन शिट्या. उतारावरचा कोरडा व्हाळ म्हणजे चुलीचं धुराडं, आग एकदा खालून आत शिरली की तिला वर ओढायला वाऱ्याची पण गरज नाही. मी ओरडलो, भायर! सगळे भायर!

काका गडग्यावर उभे होते. तिथून म्हणाले, "धा मिनटां थांब रे मेल्या, होता हा!"

आणि माणसं थांबली. माझ्याकडे बघतायत, काकांकडे बघतायत. वडीलधारा माणूस, बाग त्यांची, टोळीतले निम्मे त्यांच्याच नात्यातले. मी त्या दिवशी काकांना असा शब्द वापरला जो मी आयुष्यात कुठल्या मोठ्या माणसाला वापरला नव्हता. तेव्हा माणसं हलली. बेड्यावर उभा राहून पाठीवर हात मारत मोजली. टेहळणीवाला धरून नऊ. दहावा नाही.

चुलतभाऊ ब्लोअर चालवत होता, त्या आवाजात त्याला ना शिटी ऐकू आली ना मी. पाठमोरा होता, वडील म्हणाले ते 15 फूट पुरे करत होता बिचारा. मी परत आत गेलो (हे चुकीचं होतं, मुकादमाने स्वतः जायचं नसतं, पण त्या वेळी सुचलं ते केलं), कॉलर धरून ओढला, ब्लोअर तिथेच टाकायला लावला. बेड्याबाहेर येऊन पुन्हा मोजली, दहा. त्यानंतर किती वेळाने आग बागेतून गेली याचे आमच्यात तीन आकडे आहेत. भाऊ म्हणतो चार मिनिटं, टेहळणीवाला म्हणतो दोन, मी घड्याळ बघितलं नव्हतं. दहा मिनिटं मात्र कोणीच म्हणत नाही, काका सोडून. ते गडग्यावरून बाहेरच्या अंगाला उतरले होते, त्यांना आत काय झालं ते दिसलंच नाही.

62 कलमं गेली. सगळी त्या दिवशी नाही, बरीच वरून हिरवी होती, मग बुंध्याची साल फुटून डिंक यायला लागला आणि पावसानंतर एकेक वाळत गेली. वाईट वाटतं, त्यातली कितीतरी मीच खड्डे मारून लावलेली. पण त्या रात्री देवळासमोर काका सगळ्यांदेखत बोलले की ह्यो पळान गेलो. तेव्हापासून गावात कुठेही वणव्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. दहावा कोण होता हे ते कधी सांगत नाहीत. भाऊसुद्धा बापासमोर तोंड उघडत नाही. पुढच्या जानेवारीत मुंबईहून कुरिअरने एक नवा ब्लोअर आला, आत चिठ्ठी नाही, काही नाही. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि खोका शेगडीत घातला, काकूंनी बघितला असता तर परत सगळं निघालं असतं.

बरं समजा मी थांबलो असतो आणि पट्टा पुरा झाला असता, तरी आग पट्ट्यावरून आलीच नाही ना, ती व्हाळातून बाजूने आली. हे मी काकांना सांगू शकलो नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकर अडकले, वीसहून जास्त गेले. 2024 च्या जूनमध्ये अल्मोड्याजवळ बिनसरला आग विझवायला गेलेली वन विभागाची माणसं गेली, आणि त्यांचं तर हे रोजचं काम. तुमच्या हॉटशॉटवाल्यांमध्ये पॉल ग्लीसन म्हणून एक सुपरिटेंडंट होते. 1990 मध्ये ॲरिझोनात ड्यूड फायरला सहाजण मेले तेव्हा ते तिथे होते, पुढच्या वर्षी त्यांनी चार गोष्टी मांडल्या: टेहळणी, संपर्क, पळवाट, सुरक्षित जागा. चारी लागल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. मला हे एका ट्रेनिंगला कळलं, त्या आगीनंतर दोन वर्षांनी, आणि खरं सांगतो, तिथे मागच्या बाकावर बसून डोळे भरून आले, कारण पळवाट आधी ठरवणं याला पळपुटेपणा म्हणत नाहीत हे कोणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

त्यामुळे लीडर व्हायचं असेल तर जानेवारीत काय करता ते बघा. जाळरेषा (आग अडवायला आधीच जाळून ठेवलेले पट्टे), व्हाळ साफ करणं, लोकांना सांगणं की पातेरा जाळायचाच तर पहाटे, पाण्याची बादली शेजारी घेऊन, आणि पूर्ण विझेपर्यंत तिथून हलायचं नाही. राखीव जंगलात आग लावली तर 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 दाखवता येतं, पण आमच्याकडचं बरंचसं रान मालकीचं, तिथे कलम चालत नाही, ओट्यावर बसून तीन-तीन कप चहा प्यावा लागतो. सॅटेलाइटचे अलर्ट मोबाईलवर येतात, चांगली सोय आहे, पण मेसेज येईपर्यंत कधीकधी आम्ही विझवून ताक पीत बसलेलो असतो. आणि सडा जाळला की गवत चांगलं येतं म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे, कातळावर माती आहेच किती? मुळं जळाली की पहिल्या पावसात ती पण व्हाळात.

(कोंब लवकर फुटतात हे खरं आहे, गुरंवाल्यांचं अगदीच खोटं नाही. आणि आम्ही जाळरेषा जाळतोच, म्हणजे आगीला माझा सरसकट विरोध नाही. काकांचंही वय आता 74 आहे, त्यांचं नुकसान झालं ते झालंच.)

पगाराचं राहिलं. हंगामी फायर वॉचर रोजंदारीवर, पैसे उशिरा येतात, त्यावर घर चालत नाही, माझंही आंब्याच्या फवारणीवर चालतं. कायमची नोकरी हवी तर बारावी करून वनरक्षकाची परीक्षा द्या. वणवा दिसला तर 1926 वर फोन. आणि चौकशीला जवळच्या वनपरिक्षेत्राच्या ऑफिसात जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, मार्चमध्ये गेलात तर कुलूप दिसेल, सगळे सड्यावर असतात.