२०१२ ची डिझेल स्विफ्ट विकावी की हंपीला न्यावी?

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांनी २०१२ मध्ये घेतलेली डिझेल स्विफ्ट ठाण्यातील सोसायटीत बहुतेक दिवस उभीच असते, दीड लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली आहे, घरातील मंडळी ती विकून पेट्रोलवरची ऑटोमॅटिक घ्या म्हणतात, आणि आपल्या मनात मात्र डिसेंबरात याच गाडीतून आई-वडिलांना हंपी दाखवून आणावे असे आहे. जुन्या डिझेल गाडीच्या लांबच्या प्रवासात खरोखर काही वेगळे सुख असते का, की हे केवळ घरच्या जुन्या वस्तूवरचे प्रेम आहे, हेही आपण विचारले आहे. मी दादरला राहतो, माझ्याकडे २००६ ची डिझेल इनोव्हा आहे आणि कोकण, घाटमाथा, उत्तर कर्नाटक हे माझे नेहमीचे रस्ते आहेत. माझ्या मते हे सुख खरे आहे. त्याचा मोठा भाग त्या इंजिनाच्या घडणीतून येतो, म्हणून आधी इंजिनाविषयी लिहितो.

आपल्या गाडीतील १२४८ सीसीचे इंजिन मूळ फियाटचे मल्टिजेट. मारुतीने ते डीडीआयएस या नावाने वापरले, टाटांनी क्वाड्राजेट म्हटले, आणि एका काळी आपल्या रस्त्यांवर हे इंजिन इतक्या निरनिराळ्या गाड्यांत होते की महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावच्या मेस्त्रीलाही ते परके नाही. त्याची सर्वाधिक ओढ, म्हणजे टॉर्क, १९० न्यूटन-मीटर आहे आणि ती मिनिटाला २००० फेऱ्यांनाच मिळते. त्याच काळातील पेट्रोल स्विफ्टमध्ये ११४ न्यूटन-मीटर मिळत असे आणि तेही ४००० फेऱ्यांना. महामार्गावर पाचव्या गियरमध्ये ताशी ८०-९० च्या वेगाने जाताना आपल्या गाडीचे इंजिन साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असते, म्हणजे नेमके तिथे, जिथे त्याची ओढ सर्वांत जास्त आहे. त्यामुळे चार माणसे आणि सामान घेऊन लांबलचक चढ लागला, तरी पाय किंचित दाबला की गाडी आवाज न चढवता वर जाते. सारखे गियर बदलणे नाही, इंजिनाचा आरडाओरडा नाही. सहा तासांनंतर चालकाच्या अंगात जो थकवा उरतो, त्याचे प्रमाण ठरवण्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा असतो.

दुसरे कारण इंधनाचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सतराव्या-अठराव्या हिश्शात दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते, आणि अशा दाबामुळे इंधनातून अधिक काम निघते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते. आपल्या गाडीची टाकी ४२ लिटरची आहे आणि संयमाने चालवल्यास महामार्गावर लिटरला वीस किलोमीटर अवघड नाही. ठाण्याहून हंपी सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे. टाकी भरून निघालात तर पंपाचा विचार जवळजवळ सुटतो, आणि थांबायचे ते पंप दिसला म्हणून नव्हे, तर जागा आवडली म्हणून, आईला पाय मोकळे करायचे आहेत म्हणून, साताऱ्याच्या पुढे उसाच्या गाड्या दिसल्या म्हणून. प्रवासाचा आराखडा इतका मोकळा ठेवता येणे मला फार मोलाचे वाटते.

वेगाबद्दल माझे मत ठाम आहे. या वयाच्या गाडीने ताशी ८० ते ९० हा वेग धरावा आणि त्याच वेगात आनंद मानावा. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, पण सरळ, तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास त्या वेगाने धावणे हा जुन्या टायरांचा आणि जुन्या रबरी होज पाइपांचा रस्ता नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घाईच्या वेळी उपयोगाचा आहेच, तरी वेळ असेल तेव्हा मी पनवेलहून जुन्या रस्त्याने खोपोलीकडे वळतो. या गाड्या ज्या वेगात सुखाने चालतात, त्या वेगात रस्त्याकडेची गावे, त्यांचे बाजार, शाळा सुटलेली मुले आणि शेतातली पिके नीट दिसतात, आणि मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना बोलण्यासारखे पुष्कळ मिळते.

आता घाट. जुन्या डिझेल गाडीचा खरा कस आणि खरी गोडी इथे कळते. आपल्या इंजिनाचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा: दोन हजारांच्या खाली फेऱ्या गेल्या की टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, झोपतो आणि गाडीत जीव राहत नाही. आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या वळणावर तिसऱ्या गियरमध्ये रेंगाळलात तर मध्येच पिकअप जातो. म्हणून वळणात शिरण्यापूर्वीच दुसरा टाकावा, वळण सुटताना टर्बो जागा असतो आणि गाडी सफाईने बाहेर पडते. हे एकदा हाताला बसले की घाट चढण्यात जी लय सापडते, ती ऑटोमॅटिक गाडीत मला कधी सापडली नाही. माझ्या इनोव्हासारख्या अडीच लिटरच्या गाड्या त्याहून खालच्या फेऱ्यांत ओढतात, तिथे इतकी धावपळ लागत नाही. पण छोट्या टर्बो डिझेलला चालकाचे लक्ष हवे असते आणि तो ते देऊ लागला की गाडी तितक्याच इमानाने साथ देते. उतरताना ज्या गियरमध्ये चढलो असतो, त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. मोठा चढ संपवून लगेच थांबलात तर इंजिन एखादा मिनिट चालू ठेवून मग बंद करावे, कारण टर्बोचे बेअरिंग तेलावर फिरते आणि तापलेले असताना तेलाचा पुरवठा एकदम तुटणे त्याला मानवत नाही.

पूर्वी ट्रकचालक सांगत ते आजही खरे आहे: डिझेल पूर्ण संपू देऊ नये. पेट्रोल गाडीत इंधन ओतले की काम संपते, परंतु डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली की ती काढल्याशिवाय इंजिन पकडत नाही. इनोव्हामध्ये फिल्टरच्या वर हातपंप असतो, तो कडक होईपर्यंत दाबावा लागतो. आपल्या गाडीत ही व्यवस्था कुठे आहे, हे निघण्यापूर्वी आपल्या मेस्त्रीकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे. फिल्टरच्या तळाशी साठलेले पाणी काढून टाकणे हेही त्याच वेळी शिकून घ्यावे; पावसाळ्यानंतर ते हटकून करावे लागते.

घरच्यांचा आक्षेप मात्र पूर्णपणे चुकीचा नाही, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. आपली गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या काळातील आहे. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो आपल्या गाडीत नाही. मुंबई-ठाण्याच्या हवेत अशा गाडीने रोज दोन-चार किलोमीटरच्या खेपा घालणे हवेसाठीही वाईट आणि गाडीसाठीही. डिझेल इंजिन सावकाश तापते. घोडबंदर रोडच्या कोंडीत ते पुरते तापण्यापूर्वीच बंद होते, मग ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) आणि हवेच्या मार्गांत काजळी साठते आणि गाडी हळूहळू जड होत जाते. लांबच्या प्रवासात तीच गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, हा भास नाही. इंजिन तासन्‌तास योग्य तापमानावर आणि भाराखाली चालते तेव्हा ज्वलन पूर्ण होते आणि नवी काजळी फारशी धरत नाही. म्हणून माझा सल्ला असा की शहरात लोकल, मेट्रो, बस वापरावी आणि ही गाडी लांबच्या रस्त्यासाठी राखावी. ठाण्यातल्या रोजच्या वापरासाठीच गाडी हवी असेल, तर घरच्यांचे ऐकून ही विकावी, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

पैशांच्या दृष्टीने पाहता, २०१२ मध्ये डिझेल घेण्याचे कारण पेट्रोल आणि डिझेलच्या दरांतील तफावत हे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ती तफावत पुढे पुष्कळ आटली. बचत होते म्हणून गाडी ठेवतो, असे घरी सांगू नये. एक लाभ मात्र आहे: पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते आणि जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांना रबरी भागांची काळजी लागली आहे, जुन्या डिझेल गाडीला हा प्रश्न नाही.

कायद्याविषयी बराच गैरसमज आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांसंबंधीचे निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे आहेत, महाराष्ट्राचे नव्हेत. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आपली २०२७ मध्ये संपेल. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. माझ्या गाडीची अशीच वाढवलेली आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे बंधनकारक झाले आहे, तेवढे बाकी असल्यास करून घ्यावे, आणि परराज्यात जाताना पीयूसी व विम्याची मुदत पाहावी.

आता तयारी. आपल्या इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळायला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, ही मोठी सोय. माझ्या इनोव्हाला बेल्ट आहे आणि तो ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागतो. मात्र दीड लाखानंतर चेनचा आवाज येतो का, हे सकाळी थंड इंजिन सुरू करताना ऐकावे. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) आणि टर्बोचे होज पाइप हाताने दाबून पाहावेत. कडक झालेले किंवा भेगा पडलेले असतील तर विचार न करता बदलावेत, कारण उभ्या राहणाऱ्या गाडीत आधी रबर मरते. टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून समाधान मानू नये, कडेवर छापलेले चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते टायर सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील तर चार माणसे घेऊन त्यांवर निघू नये. धूरही बोलतो. जोर दिल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल फवारणारे नोझल किंवा कूलंटकडे पाहावे लागेल. क्लच प्लेट शेवटची कधी बदलली ते वडिलांना विचारावे. त्यांनी सर्व्हिसची बिले जपून ठेवली असतील तर ती मेस्त्रीपुढे मांडावीत. जुन्या गाडीबाबत इतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

मार्गासंबंधी सुचवतो. जाताना पुणे, सातारा करत पहिला मुक्काम कोल्हापूरला करावा, म्हणजे वडीलधाऱ्यांना त्रास होणार नाही. साताऱ्याआधीचा खंबाटकी घाट चढून जावा. तिथेच गाडीची तब्येत कळेल. दुसऱ्या दिवशी बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ या मार्गाने होस्पेट गाठावे. परतताना त्याच रस्त्याने येऊ नये. बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरावे आणि कोकणातून वर यावे. कशेडीला आता बोगदा झाल्याने तो टप्पा सोपा झाला आहे. दिवस हाताशी असतील तर गणपतीपुळ्याजवळच्या जयगडहून तवसाळ, पुढे धोपाव्याहून दाभोळ, वेसवीहून बाणकोटच्या खाडीपलीकडे बागमांडले, आणि दिघीहून आगरदांडा, अशा चार फेरीबोटींतून गाडी पार करत मुरूडपर्यंत किनाऱ्याने येता येते. त्या रस्त्यांवर ताशी चाळीसच्या वर वेग जातच नाही आणि जावा असे वाटतही नाही. बोटीवर चढताना मात्र भरलेल्या गाडीचा तळ उतारावर घासणार नाही, इतके पाहावे.

हंपीला निघण्यापूर्वी एक चाचणी जरूर घ्यावी. एखाद्या रविवारी पहाटे ठाण्याहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर करत जुन्नरपर्यंत जावे आणि त्याच दिवशी परत यावे. घाट चढताना तापमानाचा काटा मधल्या खुणेवर स्थिर राहतो का, क्लच घसरतो का, इकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची आणि ऑइलची पातळी निघण्यापूर्वीच्या पातळीशी ताडून पाहावी, आणि गाडीखाली जमिनीवर डाग पडला आहे का तेही पाहावे. यातले काही खटकले तर लिहा. काहीच खटकले नाही, तर कोल्हापूरच्या मुक्कामाची खोली आरक्षित करायला हरकत नाही.