बाई, तिथली मुलं माझं ऐकतील का?

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. वर्गात साठ-पासष्ट मुलं असतात, तरी आवाज चढवायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. आता इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत माझी निवड झाली आहे. सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचंय. मिस्टर आणि आठ वर्षांची मुलगी डिसेंबरात येतील. आधी गेलेली एक मैत्रीण सांगते, की तिथली मुलं उलट उत्तरं देतात, तास चालू असताना उठून फिरतात, आपल्या उच्चारांना हसतात. ती नाताळच्या आधीच परत आली. हे ऐकल्यापासून झोप उडाली आहे. पहिले दिवस कसे काढायचे? साडी चालेल का? माझं बी.एड. तिथे ग्राह्य धरतात का? मुलीच्या शाळेचं कसं करायचं?
– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर : मुलं ऐकतील. फक्त सांगलीत ज्या कारणाने ऐकतात, त्या कारणाने नाही. आपल्याकडे बाई वर्गात शिरल्या की मुलं उभी राहतात. तो मान तुमच्या आधीच्या बाईंनी, घरच्यांनी आणि गावाने मिळून तयार ठेवलेला असतो. तिथे नव्या शिक्षिकेला तो आयता मिळत नाही, मग ती त्याच गावात जन्मलेली का असेना. नव्या माणसाला मुलं जोखून बघतात. कोल्हापूरकडची नोकरी सोडून मी इंग्लंडमध्ये गणित शिकवायला गेले तेव्हा मलाही जोखलं, आणि माझ्याबरोबर रुजू झालेल्या इंग्रज शिक्षकालाही तितकंच. त्यामुळे पहिल्या आठवड्यात जे होईल ते स्वतःच्या उच्चारांवर किंवा रंगावर ओढवून घेऊ नका. खरोखरच कोणी रंगावरून, देशावरून बोललं तर मात्र गिळू नका. त्याच दिवशी लेखी कळवा. शाळा असल्या गोष्टी गांभीर्याने घेतात.

तुम्ही रुजू व्हाल तेव्हा सुरुवातीचा एखाद-दुसरा दिवस बहुधा मुलांशिवायचा असेल. त्याला इनसेट म्हणतात. सरकारी शाळांच्या वर्षात असे पाच दिवस असतात. भाषणं होतील, चहा होईल, ओळखी होतील. त्या गडबडीत एक काम चुकवू नका : शाळेचे वर्तनाचे नियम मिळवा आणि पाठ करा. पहिली ताकीद कशी द्यायची, दुसरी कशी नोंदवायची, मुलाला वर्गाबाहेर कधी पाठवायचं, कोणाला बोलवायचं, शाळा सुटल्यावर थांबवायचं ते कोणत्या खोलीत, हे सगळं ठरलेलं असतं आणि प्रत्येक शाळेत थोडं वेगळं असतं. आपल्याकडे शिस्त बाईंच्या डोळ्यात असते. तिथे ती शाळेच्या पद्धतीत असते, आणि ती पद्धत पाळणारा शिक्षकच मुलांना भरवशाचा वाटतो. तुमच्याआधी त्या वर्गावर कोण होतं तेही विचारून घ्या. वर्षभर बदली शिक्षकच येत राहिले असतील, तर तो वर्ग स्थिरावायला वेळ घेईल, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

पहिल्या तासाला दारात उभ्या राहा. प्रत्येकाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणा आणि पडद्यावर बसण्याचा नकाशा लावून ठेवा, कोणी कुठे बसायचं ते नावासकट. तो तुम्ही ठरवायचा, मुलांनी नाही. टेबलावर किंवा फळ्यावर चार-पाच सोपी गणितं आधीच मांडलेली असू देत, म्हणजे बसल्या बसल्या हात कामाला लागतात. मुलं कामाला लागली की लगेच हजेरी. ती उशिरा घेऊन चालत नाही. सकाळी शाळेत आलेलं मूल तुमच्या तासाला नाही, हे ऑफिसला तेव्हाच कळलं पाहिजे, कारण ते कुठे आहे हे शोधायची जबाबदारी शाळेची असते.

मुलांचे फोटो आणि नावं शाळेच्या संगणकावर असतात. यादी हाती आली की त्या त्या मुलाला उच्चार विचारून नाव देवनागरीत लिहून ठेवा. पोलिश, सोमाली, पंजाबी, आयरिश, सगळी नावं एका वर्गात भेटतात, आणि Niamh हे स्पेलिंग पाहून ‘नीव्ह’ हे आयरिश मुलीचं नाव कोणाला वाचता येणार? आपल्या लिपीत ते जसंच्या तसं उतरतं. नाव बरोबर घेणाऱ्या बाईंशी मुलं वेगळी वागतात. मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता उलट उत्तरांचं. समजा, मागच्या बाकावरचा मुलगा मागे वळून गप्पा मारतोय. तुम्ही नाव घेतलंत. तो म्हणणार, ‘मिस, मी काही केलंच नाही, तो बोलत होता.’ इथे खरं-खोटं करत बसलात तर पंचवीस मुलं काम टाकून तमाशा बघतात, आणि त्याला तेच हवं असतं. नाव घ्या, काय करायचं ते सांगा, ‘थँक यू’ म्हणा आणि नजर काढून पुढच्या बाकाकडे वळा : ‘समोर बघ, तिसरं गणित. थँक यू.’ आवाज नेहमीचाच. परत झालं तर नियमात असेल ती ताकीद द्या आणि नोंदवा. तिसऱ्यांदा झालं तर नियम सांगेल ते करा. तो आवडता असो की नावडता, सोमवार असो की शुक्रवार, त्यात फरक पडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला दारात इतरांसारखंच ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. कालचं आज काढू नका. माझ्या मते नव्या शिक्षिकेच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ हेच, रोजचा सारखेपणा. तुमच्या पत्रातलं ‘आवाज चढवायची वेळ फारशी येत नाही’ हे वाक्य मला म्हणूनच फार आवडलं. जो ओरडतो त्याच्याच तासाला तिथली मुलं जास्त चेकाळतात.

मुलांना हात लावायचा नाही, प्रेमाने पाठीवर थाप म्हणूनसुद्धा नाही. इंग्लंडच्या सरकारी शाळांत छडी १९८७ पासून बंद आहे. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे, त्यामुळे हे तुम्हाला नवं नाही.

शिकवण्याबद्दल मला तुमची जराही काळजी नाही. तिथल्या दहावी-अकरावीच्या वर्गांना, म्हणजे चौदा ते सोळा वयाच्या मुलांना, जीसीएसई या आपल्या दहावीच्या बोर्डासारख्या परीक्षेची तयारी करून द्यायची असते. गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी दीड तासाचा आणि ८० गुणांचा. पहिल्याला कॅल्क्युलेटर नाही, उरलेल्या दोन्हींना असतो. फाउंडेशन आणि हायर असे दोन स्तर, आणि फाउंडेशनला नऊपैकी जास्तीत जास्त पाच ही श्रेणी मिळते. बीजगणित-भूमिती शिकवलेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही. पायऱ्यांना गुण तिथेही आहेत.

सवय बदलायची ती वेगळीच. आपण साठ मुलांना विचारतो, ‘कळलं का?’ आणि एका सुरात ‘हो’ येतं. तिथे प्रत्येक मुलाकडे एक छोटी पांढरी पाटी आणि मार्कर असतो. तुम्ही फळ्यावर ३/८ + १/४ लिहिता, मुलं पाटीवर सोडवतात, तुम्ही ‘थ्री, टू, वन, शो मी’ म्हणता आणि सगळ्या पाट्या एकदम वर येतात. आता डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. आठ-दहा पाट्यांवर ४/१२ दिसेल. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दोन पाट्यांवर नुसतं ८ लिहून खोडलेलं दिसेल. तिथे समच्छेदाची वाट सापडलीय पण पुढे जायचा धीर नाही. एक पाटी छातीशी धरलेली असेल, ती कोरी. काही सेकंदांत अख्खा वर्ग वाचून होतो आणि पुढची पाच मिनिटं कोणासाठी काय करायचं ते ठरतं. जायच्या आधीच तुमच्या सांगलीच्या वर्गात करून बघा. वहीचं मागचं पान चालेल. हात बसला की तिथल्या पहिल्याच तासाला तुम्ही निर्धास्त असाल.

उच्चारांपेक्षा वेग सांभाळा. आपण इंग्रजी भराभर बोलतो. सावकाश बोला, सूचना फळ्यावरही लिहा. गुणाकाराला आपण ‘फाइव्ह इंटू थ्री’ म्हणतो, ते मात्र घरीच सोडून जा. तिथे ‘थ्री इंटू फिफ्टीन’ म्हणजे भागाकार. ‘टाइम्स’ म्हणा. लाख-कोटीही नको. कोणी हसलं तर ‘परत सांगते’ म्हणून शांतपणे परत सांगा. पंधरवड्यात कान सरावतात, त्यांचे आणि तुमचेही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचा ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ हा सरकारी दस्तऐवज तुम्हाला देतील. त्याचा पहिला भाग नुसती सही करण्यापुरता चाळू नका. शब्दन् शब्द वाचा. तास संपल्यावर एखादी मुलगी रेंगाळेल आणि म्हणेल, ‘मिस, एक सांगते, पण कोणाला सांगू नका.’ आपल्या बायकांच्या तोंडून पटकन येतं, ‘नाही गं, सांग.’ तसं वचन द्यायचं नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला मला कदाचित एका माणसाला सांगावं लागेल, पण मी ऐकतेय,’ असं म्हणा. मग ऐका. खोदून प्रश्न विचारू नका, तिच्या तोंडी शब्द घालू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून, या कामासाठी नेमलेल्या शिक्षकांकडे द्या. घरी फोन नाही, स्वतः चौकशी नाही, स्टाफरूममध्ये चर्चा तर नाहीच. ही नेमलेली व्यक्ती कोण आणि कुठे बसते, हे पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या.

साडी जरूर नेसा. पगडीतले, हिजाबमधले शिक्षक तिथे सर्रास असतात. पायात मात्र सपाट, बंद चपला-बूट हवेत, दिवसभर जिने असतात. डब्याचं एक नीट ध्यानात ठेवा. काही मुलांना शेंगदाण्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते, म्हणून बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणायला पूर्ण बंदी असते. शेंगदाण्याची चटणी, कुटाची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी घरीच खा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. ‘ड’ जीवनसत्त्व घ्या. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असं तिथली आरोग्यसेवा सांगते. मंडळी येईपर्यंतचे रविवार खायला उठतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण मिडलंड्समध्येही मराठी माणसं भरपूर आहेत. गणपतीच्या आसपासच पोहोचताय, तेव्हा ओळखी आपसूक होतील.

बी.एड.बद्दल. परदेशात शिक्षण झालेल्या पात्र शिक्षकाला इंग्लंडमध्ये तिथली शिक्षक-पात्रता, क्यूटीएस, नसतानाही चार वर्षांपर्यंत शिकवता येतं. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना, अकरा ते सोळा वयोगटाला शिकवण्याची पात्रता असेल तर, क्यूटीएससाठी थेट सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अर्जाला फी नाही. ‘करून देतो’ म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर दारातूनच परत पाठवा. चार वर्षं आहेत म्हणून थांबू नका, निघायच्या आधीच अर्ज करा; तोवर पगार खालच्या श्रेणीत बसू शकतो. पासपोर्ट सेवेतून मिळणारा पोलिस क्लिअरन्स दाखला काढून ठेवा, शाळा तो मागतेच. मूळ गुणपत्रिका आणि मुख्याध्यापकांचं अनुभवपत्र हातातल्या सामानात ठेवा.

लेकीचं म्हणाल तर तिथे इयत्ता जन्मतारखेवर ठरते, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. ३१ ऑगस्टपर्यंत आठ पूर्ण झाली असतील तर ती इयर फोरमध्ये बसेल. वरच्या वर्गात टाकलं म्हणून घाबरू नका. तिथली मोजणीच पाच वर्षांच्या मुलापासून सुरू होते. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. अर्ज बऱ्याच ठिकाणी कौन्सिलमार्फत, म्हणजे तिथल्या पालिकेमार्फत जातो, काही ठिकाणी थेट शाळेकडे. जवळच्या शाळेत जागा नसेल तर लांबची मिळते, म्हणून घर भाड्याने घेण्याआधीच आसपासच्या दोन-तीन शाळांना फोन करून इयर फोरमध्ये जागा आहे का ते विचारा. भाडेकरार झाला की जन्मदाखला, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा घेऊन लगेच अर्जाला लागा.