पोहे भिजवायचे नसतात, धुवायचे असतात

पोहे किती वेळ भिजवावेत, कधी गिचका होतो तर कधी घशाला बसतात, आणि कांद्याबरोबर बटाटा घालावा का, असं तुम्ही विचारलंय. घोळ 'भिजवावेत' या शब्दातच आहे. हा शब्द पोह्यांना कुणी चिकटवला ते मला माहीत नाही, पण माझ्या मेहुण्यानं तो फार मनावर घेतला.

माझी सासुरवाडी साताऱ्याची. 14 वर्षांपूर्वी धाकट्या मेहुणीचा साखरपुडा होता. दुपारचं जेवण आचाऱ्याकडे, सकाळचा नाश्ता घरी, माणसं 40. आदल्या रात्री मी छाती काढून सांगितलं, पोहे माझ्याकडे. 3 किलो जाडे पोहे आणले. पहाटे अंघोळ करून येतो तर मेहुण्यानं "दाजींचं काम हलकं करू" म्हणून सगळे पोहे एका पातेल्यात पाणी ओतून ठेवलेले. वर हात लावला तर छान मऊ. कोपरापर्यंत घातला तर खाली खीर. वरच्यांचं ओझं खालच्यांवर, आणि पाणी निथळायला वाटच नाही.

अहो, पोहे म्हणजे भिजवून, भाजून मग चेपलेलं भात. अर्धी शिजणावळ आधीच झालेली असते. चाळणीत घ्या, नळाखाली धरा, हातानं दोनदा खालीवर करा, नळ बंद. मग दहा मिनिटं तिकडे बघायचंही नाही. दाणा चिमटीत दाबला की मोडावा, त्याचं पीठ होऊ नये. मीठ-साखर तेव्हाच ओल्या पोह्यांना चोळा. घशाला बसतात ते बहुतेक तेलाला हात आखडला म्हणून, किंवा झाकण ठेवून वाफ काढली नाही म्हणून. बाकी फोडणी तुम्हाला येतेच.

तर ते 3 किलो. टाकून देणार कुठे? घातले कढईत. पिवळाधम्मक लगदा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळा साजशृंगार केला. मुलाकडचे एक काका पहिला घास घेऊन म्हणाले, "दाजी, उपमा फस्क्लास!" टोमणा नव्हता हो, मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं. मेहुणा दाराआड तोंडात रुमाल कोंबून उभा. तेव्हापासून मी सासरी 'उपमा-दाजी'. मेहुणीची मुलगीसुद्धा तसंच म्हणते, तिचा तर तेव्हा जन्मही नव्हता.

मेहुण्याचं आजही एकच पालुपद, पाणी बरोबर होतं, दाजींनी ढवळून ढवळून लगदा केला. गेल्या दिवाळीत त्याच्यासमोर एकाच पिशवीतले पोहे दोन तऱ्हेनं केले, एक भिजवून, एक धुऊन. दोन्ही बशा चाटूनपुसून खाल्ल्या आणि म्हणतो, "चवीला सारखेच की." तुमच्या घरी असा कुणी असेल तर पोह्यांच्या दिवशी त्याला दूध आणायला पाठवा.

हे सगळं जाड्या पोह्यांचं. पातळ पोह्यांना नळ दाखवूच नका, दडप्यांना नारळपाण्याचा हबका पुरतो. पोहे जुने असतील तर पाणी थोडं जास्त पितात. नागपूरकडे वरून चण्याची तर्री घेतात, तिथे कोरडे असले तरी निभावतं.

बटाटा खुशाल घाला, पण पातळ काप करून, आणि कांद्याच्या आधी, नाहीतर कचकचीत राहतो. त्या दिवशी मीही घातला होता. आणि कबूल करतो, पाहुणे आले म्हणून पुढे गेलो तेव्हा झाकण पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं राहिलं. पण खीर झाकणाच्या आधीची. पातेल्याचा तळ सासूबाईंनी खरवडलाय, त्यांना विचारा.