अपस्करण म्हणजे विकिरण नव्हे

प्रश्न असा: ऑप्टिकल फायबरमधल्या (प्रकाशानं संदेश नेणाऱ्या काचेच्या तंतूमधल्या) 'क्रोमॅटिक डिस्पर्शन'ला 'रंगीत विकिरण' म्हणावं का, आणि ते आटोक्यात ठेवण्याला मराठीत काय म्हणावं?

विकिरण मुळीच म्हणू नये. हा घोळ लेखांत आणि भाषणांत इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. हवेतल्या रेणूंमुळे प्रकाश वाटेल त्या दिशेला उधळला जातो, आकाश निळं दिसतं, ते विकिरण. डिस्पर्शनमध्ये कुणी उधळलं जात नाही. माध्यमात दर तरंगलांबीचा वेग निराळा असतो, म्हणून एकत्र निघालेल्या तरंगलांब्या मागेपुढे होतात. त्याला शब्द दहावीच्या विज्ञानातच आहे: अपस्करण. 'रंगीत'ही नको; फायबरमधला १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. 'वर्णीय अपस्करण' म्हणा.

आणि काय शब्द आहे हा! मूळ धातू 'कॄ', किरति, म्हणजे विखुरणं. मग 'अप'च्या पुढे मधला 'स्' कुठून आला? पाणिनीनं त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलंय: 'अपाच्चतुष्पाच्छकुनिष्वालेखने' (६.१.१४२). चतुष्पाद किंवा पक्षी जमीन उकरत असेल, तर 'अप'नंतर 'कॄ'ला हा 'स्' लागतो. 'काशिका' या पाणिनीवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण दाणे शोधणाऱ्या कोंबड्याचं आहे: 'अपस्किरते कुक्कुटः'. 'किरण'ही परंपरेनं याच धातूचा. माझ्या मते आपलं 'उकरणं' आणि 'उकिरडा'सुद्धा याच घरचे, 'उत्' लागून आलेले. म्हणजे किरण आणि उकिरडा भाऊबंद! लॅटिनमध्ये 'डिस्पर्शन'च्या मुळाशी असलेला 'स्पार्गेरे' हा धातूही बी विखरण्यासाठी वापरत. दोन्ही भाषा आपापल्या वाटेनं दाण्यांपाशीच पोचल्या.

'अपस्करण म्हणजे अप अधिक करण, वाईट करणं' असं ठासून सांगणारे अभ्यासक आहेत. त्यांनी सूत्र उघडून पाहिलेलं नाही. प्रकाश हा पशू नाही नि पक्षीही नाही, तेव्हा 'अपकिरण' हवं, असा दुसरा आक्षेप. तो निदान व्याकरणाचा आहे, पण परिभाषा करणाऱ्यानं एवढी मोकळीक घ्यायचीच असते. विकिरणही 'कॄ'चंच, हे मला मान्य आहे. पण गोत्र एक असलं म्हणून अर्थ एक होत नाही.

हो, नियंत्रणाचं राहिलं. अपस्करणानं सिग्नल 'कमजोर' होतो असंही लोक लिहितात. तेही चूक. कमजोर होणं म्हणजे क्षीणन. इथे स्पंदाची, म्हणजे बिट वाहून नेणाऱ्या प्रकाशाच्या ठोक्याची, ऊर्जा तेवढीच राहते, स्पंद फाकतो आणि शेजारच्या बिटमध्ये घुसतो. नेहमीच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला अपस्करण दर किलोमीटरला, तरंगलांब्यांच्या पसाऱ्याच्या दर नॅनोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंद असतं. प्रकाशातला हा पसारा ०.१ नॅनोमीटर धरला, तर १०० किलोमीटरमध्ये १७० पिकोसेकंद झाले. सेकंदाला १० गिगाबिट धाडताना एका बिटच्या वाट्याला येतात फक्त १००.

'निर्मूलन' हा शब्द मात्र कुणी सुचवू नये. निर्मूलन करून पाहिलं गेलं आहे. काचेचं स्वतःचं अपस्करण आणि तरंगमार्गाच्या रचनेमुळे येणारं अपस्करण यांची बेरीज नेहमीच्या फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरच्या आसपास शून्य होते. गाभ्याची रचना बदलून ते शून्य १५५० वर नेलं, कारण तिथे क्षीणन सगळ्यात कमी. पुढे एकाच फायबरमधून अनेक तरंगलांब्या धाडू लागले, तेव्हा तेच अंगाशी आलं: अपस्करण नसल्यानं तरंगलांब्या जोडीनं धावत राहिल्या आणि फोर-वेव्ह मिक्सिंग नावाच्या परिणामामुळे एकमेकींत मिसळू लागल्या. म्हणून थोडं अपस्करण मुद्दाम ठेवणारी फायबर आली. कुठे उलट चिन्हाचं अपस्करण असलेली फायबर जोडतात, कुठे चर्प्ड ब्रॅग ग्रेटिंग (वेगवेगळ्या तरंगलांब्या वेगवेगळ्या अंतरांवरून परतवणारा फायबरचा तुकडा) बसवतात, आणि आजच्या कोहेरंट रिसीव्हरमध्ये (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची कलाही मोजणाऱ्या ग्राहक-यंत्रात) हे काम बव्हंशी चिपच गणितानं करते. या सगळ्याला 'अपस्करणाची भरपाई' म्हणावं, आणि वाटेत किती राहू द्यायचं तेही ठरवायचं असेल तर 'अपस्करण-नियोजन'.