हिमोग्लोबिन वाढलंय, मग किडनीची सोनोग्राफी कशाला?

वडिलांचं हिमोग्लोबिन १९, विडी-सिगारेट नाही, जॅक-२ तपासणी (या जनुकातला बदल शोधणारी) निगेटिव्ह, तरी डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सांगतात. ही गरजेची आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि माझं म्हणणं, याच आठवड्यात करून घ्या.

तांबड्या पेशी बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, तयार होतात, पण किती करायच्या याचा हुकूम किडनीतून सुटतो. ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते. किडनीच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये, क्लिअर सेल प्रकारात, बहुतेकदा व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. मग ऑक्सिजन पुरेसा असूनही गाठीतल्या पेशी तो कमी असल्यासारख्याच वागतात आणि काही गाठी स्वतःच एरिथ्रोपोएटिन बनवू लागतात. मॅरो निरोगीच असतो, तो फक्त हुकूम पाळतो. (ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.)

पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणजे मॅरो स्वतःहूनच जास्त तांबड्या पेशी बनवतो तो आजार. त्याच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत जॅक-२ मधला बदल सापडतो. वडिलांत तो नाही, तेव्हा रक्तातली एरिथ्रोपोएटिनची पातळीही तपासा. व्हेरात ती सहसा कमी असते. जास्त आली तर कारण मॅरोच्या बाहेर शोधायचं.

लगेच धास्ती घेऊ नका. हिमोग्लोबिन वाढण्यामागे किडनीची गाठ क्वचितच निघते. झोपेत श्वास अडकणं, फुफ्फुसाचा जुना आजार, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं ही कारणं जास्त दिसतात. कधी किडनीतली साधी पाण्याची गाठही असते.

खरं तर किडनीच्या कॅन्सरमध्ये हिमोग्लोबिन वाढण्यापेक्षा घटलेलंच जास्त आढळतं. वयस्कर माणूस, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया, चढलेला ईएसआर (शरीरात दाह असला की वाढणारी रक्ततपासणी), वाढलेल्या प्लेटलेट्स: असा रिपोर्ट हाती आला की मला फार काळजी वाटते, कारण पोटाकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणं एकत्र आता फार थोड्या रुग्णांत दिसतात. त्यांची वाट बघत बसू नका.

सोनोग्राफीत शंका आली तर पुढे सीटी करतात. गाठ किडनीपुरतीच असेल तर ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन बऱ्याचदा आपोआप उतरतं. पुन्हा चढू लागलं तर गाठ परतल्याची शंका घ्यावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना वडिलांचे जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट सोबत न्या. हिमोग्लोबिन कधीपासून चढतंय हे त्यांतूनच कळेल.